दमट हवेत म्हातारी होणारी एअरबॅग

३० सप्टेंबर २०१६ रोजी कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड भागात पन्नास वर्षांच्या एका बाईंच्या गाडीला अपघात झाला. गाडी २००१ सालची होंडा सिव्हिक होती. छोटी, पेट्रोल बेताने पिणारी आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात हातोहात खपणारी. एअरबॅग उघडली, पण तिच्यात वायू भरणारं धातूचं नळकांडं त्याच क्षणी फुटलं आणि त्याचे तुकडे गाडीत उडाले. त्या बाई वाचल्या नाहीत. ही एअरबॅग बदलून घ्या, असं कंपनी २००८ पासून सांगत होती. गाडीच्या नोंदणीकृत मालकांना वीसहून अधिक पत्रं पाठवली होती, असं होंडाने नंतर जाहीर केलं. एवढं होऊनही दुरुस्ती झाल्याची नोंद नव्हती.

जुनी गाडी घेताना आपण काय काय पाहतो? किती किलोमीटर पळाली, रंग मूळचा आहे की नंतर मारलाय, टायर किती झिजलेत, विमा कधीपर्यंत आहे. ओळखीचा मेकॅनिक बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो, एक चक्कर मारून येतो आणि ‘घ्यायला हरकत नाही’ म्हणतो. या सगळ्या तपासण्या गरजेच्याच आहेत. पण रिव्हरसाइडच्या गाडीतला दोष त्यांपैकी एकीतही सापडला नसता. तो आवाज करत नव्हता, गळत नव्हता, डॅशबोर्डवर दिवा लावत नव्हता. स्टिअरिंगच्या आत एक रसायन वर्षानुवर्षं हळूहळू बदलत होतं, एवढंच.

गाडी आदळली की एअरबॅगपाशी वेळ जवळजवळ नसतोच. धक्का मोजणाऱ्या सेन्सरने ओळखायचं, संगणकाने निर्णय घ्यायचा आणि माणसाचं डोकं पुढे झेपावण्याआधी पिशवी भरायची, हे सगळं सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास उरकतं. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. इतक्या झपाट्याने हवा भरणारा पंप छोट्या जागेत बसवणं अवघड, म्हणून बहुतेक एअरबॅगमध्ये घन इंधन जाळून वायू तयार करतात. गोळ्यांच्या किंवा चकत्यांच्या रूपातलं हे इंधन पोलादी कवचात बंद असतं. त्या कवचाला इन्फ्लेटर म्हणतात. ठिणगी पडते, इंधन पेटतं आणि वायू कवचाच्या भोकांतून पिशवीत शिरतो. हा स्फोटच, पण मापात ठेवलेला. इंधन किती वेगाने जळेल हे अभियंत्यांनी आधी ठरवलेलं असतं आणि ते तसंच जळेल या भरवशावर सगळी रचना उभी असते.

सुरुवातीच्या एअरबॅगमध्ये सोडियम अझाइड असे. त्यातून नायट्रोजन मिळतो, पण ते स्वतः जहाल विष आहे. म्हणून नव्वदच्या दशकात उद्योगाने पर्याय शोधले. जपानच्या ताकाता कंपनीने आधी टेट्राझोल वर्गातलं इंधन वापरलं. ते चांगलं होतं, पण महाग. मग २००० च्या सुमारास कंपनी अमोनियम नायट्रेटकडे वळली. हे रसायन स्वस्त आहे, जळल्यावर त्याचा जवळजवळ सगळा वायूच होतो आणि मागे राख फारशी उरत नाही. त्यामुळे इन्फ्लेटर लहान आणि हलका करता येतो. खत म्हणून आणि खाणीतल्या सुरुंगांसाठी ते जगभर वापरलं जातं. २०२० च्या ऑगस्टमध्ये बैरूतचं बंदर उद्ध्वस्त झालं ते याच रसायनाच्या साठ्यामुळे.

अमोनियम नायट्रेटच्या अंगात दोन खोडी आहेत. पहिली अशी की साधारण ३२ अंश सेल्सियसला त्याच्या स्फटिकांची रचना बदलते आणि आकारमानही बदलतं. ज्या देशात दुपारी पारा ३२ च्या वर जातो आणि रात्री खाली येतो, तिथे हा फुगण्या-आकसण्याचा खेळ रोज चालेल. ताकाताने इंधनात दुसरं लवण मिसळून ही खोड आवाक्यात आणली. दुसरी खोड मात्र तशीच राहिली. हे रसायन हवेतली ओल शोषतं, आणि इन्फ्लेटरचं कवच बाहेरची ओल पूर्णपणे रोखू शकेल इतकं घट्ट नव्हतं.

खरी गोम इथे आहे. उन्हात गाडी तापते तसा इंधनातला ओलावा जागा बदलतो, रात्री गार झाल्यावर पुन्हा शिरतो. वर्षानुवर्षं हे चक्र चाललं की दाबून घट्ट केलेली चकती फुगते, सैल होते, तिच्यात बारीक छिद्रं पडतात. वजन तेवढंच असतं, रसायनही तेच असतं. पण आता आगीला भिडायला पृष्ठभाग कितीतरी जास्त मिळतो. लाकडाचा ओंडका चुलीत सावकाश धुमसतो, त्याच ओंडक्याच्या ढलप्या केल्या तर भडका उडतो, तसंच हे. शिवाय अशा इंधनाचा जळण्याचा वेग दाबाबरोबर वाढतो. जास्त पृष्ठभाग म्हणजे जास्त वायू, जास्त वायू म्हणजे जास्त दाब आणि जास्त दाब म्हणजे आणखी वेगाने ज्वलन. कवचाची भोकं एवढा वायू बाहेर सोडू शकत नाहीत आणि पोलाद फाटतं. तुकडे पिशवी भेदून थेट चालकाच्या मानेच्या आणि चेहऱ्याच्या दिशेने जातात.

मला यात सगळ्यात अस्वस्थ करतं ते हे, की नवी असताना ही एअरबॅग चाचणीत अगदी व्यवस्थित चालते. गाडी शोरूममधून बाहेर पडते तेव्हा बहुतेक इन्फ्लेटरमध्ये दोष केवळ शक्यता म्हणून असतो. तो वयाबरोबर पिकतो. काही तुकड्यांमध्ये कारखान्यातल्या चुकांचीही भर पडली होती. अमेरिकेतल्या कारखान्यात काही चकत्या पुरेशा दाबल्या गेल्या नव्हत्या आणि मेक्सिकोतल्या कारखान्यात इंधन दमट हवेत उघडं राहिलं होतं. पण बिनचूक बनवलेल्या इन्फ्लेटरनेही उष्ण, दमट हवेत पुरेशी वर्षं काढली तर तो धोक्याचा होतो. २०१६ मध्ये दहा मोटार कंपन्यांनी मिळून नेमलेल्या स्वतंत्र तपासणीने तीन कारणं एकत्र मांडली: अमोनियम नायट्रेट, ओल आत येऊ देणारी बांधणी, आणि उष्ण-दमट हवामानात काढलेला काळ. तिन्ही एकत्र आल्याशिवाय बिघाड होत नाही, म्हणूनच तो इतकी वर्षं नीट लक्षात आला नाही.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे एनएचटीएसएने, मग हवामानाप्रमाणे देशाचे पट्टे पाडले. फ्लोरिडा, हवाई, टेक्सास आणि मेक्सिकोच्या आखाताकाठची राज्यं पहिल्या पट्ट्यात आली. तिथल्या गाड्या आधी दुरुस्त करायच्या. या आखणीतला एक बारकावा मला फार शहाणपणाचा वाटतो. गाडी आज कुठे आहे एवढ्यावर पट्टा ठरत नव्हता. ती कधीकाळी दमट राज्यात नोंदवलेली होती का, हेही पाहिलं जात होतं. फ्लोरिडात सात वर्षं उन्हात उभी राहिलेली गाडी कोरड्या, थंड राज्यात विकली म्हणून तिच्या इन्फ्लेटरमधली ओल काही परत जात नाही. २०१६ च्याच जूनमध्ये एनएचटीएसएने २००१ ते २००३ सालच्या काही होंडा आणि अॅक्युरा गाड्यांबद्दल निकडीचा इशारा दिला. प्रयोगशाळेत त्यांचे इन्फ्लेटर फुटण्याचं प्रमाण पन्नास टक्क्यांपर्यंत गेलं होतं. अशा सुमारे ३ लाख १३ हजार गाड्या तेव्हा दुरुस्तीविना रस्त्यावर होत्या. रिव्हरसाइडची सिव्हिक त्यांपैकीच एक.

पुढची आकडेवारी मोटार उद्योगाने कधी पाहिली नव्हती इतकी मोठी आहे. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर बदलण्याच्या यादीत आले, जगभरात दहा कोटींच्या आसपास. जानेवारी २०१७ मध्ये ताकाताने चाचण्यांची माहिती लपवल्याच्या गुन्ह्याची कबुली देत एक अब्ज डॉलर भरायचं मान्य केलं आणि जूनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. आशियात मलेशियासारख्या सदा उष्ण, सदा दमट देशातही बळी गेले. २०१४ मध्ये तिथे अपघात होऊन एक गरोदर स्त्री मरण पावली, ती होंडा सिटीत होती.

सिटी म्हटल्यावर आपण कान टवकारायलाच हवेत. २०१५ मध्ये होंडाने भारतात सिटी, सिव्हिक, जॅझ आणि सीआर-व्ही मिळून दोन लाखांहून अधिक गाड्या एअरबॅगसाठी परत बोलावल्या. जानेवारी २०१७ मध्ये २०१२ साली बनलेल्या सुमारे साडेएकेचाळीस हजार गाड्या आणि जानेवारी २०१८ मध्ये २०१३ सालच्या बावीस हजारांहून जास्त गाड्या त्यांत जमा झाल्या. त्या काळात एअरबॅग असणं म्हणजे गाडी वरच्या श्रेणीतली असणं. चालकाच्या बाजूची एअरबॅग आपल्याकडे नव्या गाड्यांना २०१९ मध्ये सक्तीची झाली. ‘एअरबॅगवाली गाडी’ म्हणून चार पैसे जास्त देऊन घेतलेल्या त्या सिटी आणि जॅझ आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. मुंबईच्या उपनगरांत, रत्नागिरीत, पणजीत त्या उघड्यावर उभ्या असतात. पावसाळ्याचे चार महिने हवा पाण्याने भरलेली, आणि मेमध्ये बंद गाडीतला डॅशबोर्ड साठ अंशांच्या वर सहज जातो. अमेरिकेचं माप लावलं तर आपली किनारपट्टी पहिल्याच पट्ट्यात बसेल, याबद्दल मला शंका नाही. नागपूरच्या किंवा साताऱ्याच्या पासिंगची गाडी आधी कोकणात राहून आली असेल, हेही ध्यानात ठेवायला हवं.

आपला कायदा इथे तोकडा पडतो असं माझं स्पष्ट मत आहे. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सरकारला सदोष गाड्या परत बोलावण्याचे आदेश देण्याचा अधिकार दिला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. हे पाऊल मोठं होतं. त्याआधी सगळं कंपन्यांच्या मर्जीवर चालायचं. पण सक्तीचा रिकॉल सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांपुरताच आहे. ताकाताचं इंधन नासायला सहा ते पंचवीस वर्षं लागतात, असा अमेरिकी तपासाचा निष्कर्ष होता. म्हणजे दोष जेमतेम पिकू लागतो तेव्हा कायद्याचा हात आखडतो आणि त्यापुढे फक्त कंपनीचा चांगुलपणा उरतो. ओल, गंज, उष्णता यांमुळे जे भाग हळूहळू निकामी होतात, त्यांना वयाची ही मर्यादा लावणं विज्ञानाला धरून नाही. अमेरिकेतही एक भोक आहेच. रिकॉल बाकी असलेली नवी गाडी तिथे विकता येत नाही, भाड्याच्या गाड्यांच्या मोठ्या कंपन्यांनाही अशी गाडी देता येत नाही, पण जुनी गाडी विकणाऱ्यावर देशपातळीवर असं बंधन नाही.

खरेदीदाराच्या हातात काय आहे? चेसिस नंबर. आरसीवर छापलेली आणि गाडीवर कोरलेली ही सतरा अक्षर-अंकांची ओळख कंपनीच्या संकेतस्थळावर टाकली की त्या गाडीसाठी रिकॉल बाकी आहे का ते बऱ्याच कंपन्या दाखवतात. संकेतस्थळावर सोय नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला तोच नंबर द्यायचा. दुरुस्ती फुकट असते आणि ती पहिल्या मालकासाठी राखीव नसते. रिकॉलचं पत्र मात्र कंपनीच्या दफ्तरी नोंदलेल्या पत्त्यावर, नोंदलेल्या मोबाइलवर जातं. आरटीओत गाडी आपल्या नावावर झाली तरी कंपनीच्या यादीत जुनाच मालक राहिलेला असू शकतो, म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये आपलं नाव आणि नंबर वेगळे चढवून घ्यावे लागतात.

‘एअरबॅग बदलून झालीय’ असं उत्तर आलं तरी कधी बदलली ते विचारावं. सुरुवातीच्या काळात सदोष इन्फ्लेटरच्या जागी नवा, पण त्याच जातीचा इन्फ्लेटर बसवला गेला होता. तोही पुढे म्हातारा होणारच, म्हणून अशा गाड्यांना अमेरिकेत पुन्हा बोलवावं लागलं. आणि रिकॉल आहे म्हणून कुणा गॅरेजवाल्याकडून एअरबॅगची वायर तोडून घेऊ नये. बहुसंख्य इन्फ्लेटर आजही ठरल्याप्रमाणे उघडतात आणि जीव वाचवतात. काम अधिकृत ठिकाणी करून घेणं हाच इलाज. इन्फ्लेटर हे स्फोटक आहे, ते उघडून पाहायची वस्तू नव्हे.

एक धोका मात्र चेसिस नंबरलाही पकडता येत नाही. मार्च २०१७ मध्ये लास वेगासजवळ २००२ सालच्या एका होंडा अकॉर्डचा किरकोळ अपघात झाला आणि अठरा वर्षांची मुलगी गंभीर जखमी झाली. तपासात निघालं, की गाडीत दुसऱ्याच, २००१ सालच्या अकॉर्डमधून काढलेली एअरबॅग बसवलेली होती. आधीच्या अपघातात मूळ एअरबॅग खर्ची पडल्यावर कुणीतरी भंगारातली स्वस्तात लावली होती. नंबर एका गाडीचा आणि स्फोटक दुसऱ्या गाडीचं. म्हणून पूर्वी एअरबॅग उघडल्याची जराशी शंका आली, स्टिअरिंगचं किंवा डॅशबोर्डचं झाकण बदललेलं दिसलं, तर विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास मागवावा आणि बसवलेल्या एअरबॅगचं अधिकृत बिल दाखवायला सांगावं. बिल नसेल तर ती गाडी घेऊ नये, मग ती कितीही स्वस्त मिळत असो.