कॅन्सरच्या उपचाराला पाच लाख, तपासणीला किती?

जयंतीच्या कार्यक्रमांत आता आरोग्य शिबिर ठरलेलेच असते. रक्तदान असते, डोळे तपासणी असते आणि अलीकडे बॅनरवर ‘महिलांसाठी मोफत कॅन्सर तपासणी’ अशी ओळही दिसते. चांगली गोष्ट आहे. पण आम्ही ज्या वस्त्यांमध्ये काम करतो तिथे शिबिरानंतर एक प्रश्न हमखास येतो: “ताई, पुढची तपासणी कार्डावर होईल ना?” कार्ड म्हणजे आयुष्मान भारतचे किंवा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे. बहुतेक वेळा उत्तर नकाराचे असते, आणि ते का, हे कार्यकर्त्यांनाही नीट सांगता येत नाही. म्हणून हा लेख.

आधी कार्डावर काय मिळते ते पाहू. प्रधानमंत्री जनआरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. महाराष्ट्रात त्याआधीपासून, २०१२ पासून, राजीव गांधी जीवनदायी योजना होती. तिचेच पुढे महात्मा फुल्यांच्या नावाने नामकरण झाले आणि दीड लाखाची मर्यादाही पाच लाखांवर आली. दोन्ही योजनांचा गाभा एकच आहे: रुग्णालयात दाखल होऊन होणारे उपचार. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन यांची पॅकेजेस ठरलेली आहेत. ओपीडी केंद्राच्या योजनेत येत नाही. दाखल होण्याआधीच्या तीन दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा खर्च धरला जातो. म्हणजे गाठ कॅन्सरची आहे हे ठरले, की कार्ड चालते. ती कॅन्सरची आहे की नाही हे ठरवण्यापर्यंतचा रस्ता मात्र बाईने स्वतः चालायचा.

खासगी पॉलिसीतही फारसे वेगळे नाही. फक्त तपासण्यांसाठी रुग्णालयात दाखल झालात तर दावा मंजूर होत नाही, हा अपवाद विमा नियामकाच्या प्रमाणित अटींतच आहे. काही पॉलिसींमध्ये ‘वार्षिक आरोग्य तपासणी’ असते, पण ती बहुधा साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजीपुरती. मॅमोग्राफी किंवा पॅप स्मिअर हवी असेल तर महागडा प्लॅन घ्यावा लागतो. आयकर कायद्याच्या ८० डी कलमाखाली प्रतिबंधात्मक तपासणीसाठी पाच हजारांची वजावट आहे, तीही जुन्या करपद्धतीत. धुणीभांडी करणाऱ्या बाईला तिचा काय उपयोग, हे सांगायला नको.

विमा कंपन्या तपासणीचे पैसे का देत नाहीत? निव्वळ लोभ हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. विमा म्हणजे अनिश्चित आणि मोठ्या खर्चाची वाटणी. हजार घरांतून एखाद्या घरावर संकट येणार, कोणावर ते ठाऊक नाही, म्हणून सगळे थोडे थोडे भरतात. तपासणीचा खर्च याच्या उलट असतो: लहान, ठरलेला आणि प्रत्येकाला येणारा. समजा हजार बायकांची मॅमोग्राफी दर वर्षी करायची आणि एकीला दीड हजार रुपये लागतात. एकूण पंधरा लाख. विमा कंपनी ते स्वतःच्या खिशातून देणार नाही, प्रत्येकीच्या हप्त्यात दीड हजार आणि वर स्वतःचा कारभारखर्च चढवेल. तेव्हा तो विमा उरत नाही, भिशी होते. आणि भिशी चालवणाऱ्याचे कमिशन आपणच भरतो.

मग लवकर निदान झाले तर कंपनीचाच उपचारखर्च वाचेल, हा मुद्दा उरतो. तो खरा आहे, पण वाचणारा पैसा कोणाच्या खिशात जातो ते पाहावे लागते. पॉलिसी एक वर्षाची असते. गटविमा नोकरीबरोबर जातो. आज या कंपनीने तपासणीवर खर्च केला आणि त्या बाईचा कॅन्सर आठ वर्षांनी होण्याऐवजी टळला, तर फायदा तेव्हाच्या विमा कंपनीला. पेरणारा एक, कापणारा दुसरा. अशा वेळी कोणीच पेरत नाही. अमेरिकेत म्हणूनच कायदा करावा लागला. २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टने ठरवले, की तज्ज्ञ मंडळाने ‘ए’ किंवा ‘बी’ दर्जा दिलेल्या तपासण्या विमाधारकाकडून वेगळे पैसे न घेता कराव्याच लागतील. सगळ्यांनाच सक्ती असल्याने एकाच कंपनीचा तोटा होत नाही.

आता आपल्याकडचा फरक बघा. सरकारी योजनेत उपचाराचे बिल शेवटी सरकारच भरते, आज आणि दहा वर्षांनीही. पेरणारा आणि कापणारा एकच आहे. म्हणजे तपासणीत गुंतवणूक करण्याचे सर्वात जास्त कारण सरकारलाच आहे. प्रत्यक्षात तपासणी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या खात्यातून होते आणि उपचार विमा योजनेच्या. दोन खाती, दोन यंत्रणा. एका खात्याने काटकसर केली तर तिचा भुर्दंड दुसऱ्या खात्यात पडतो आणि दोघांनाही तो दिसत नाही.

कागदावर तपासणीचा कार्यक्रम चांगला आहे. २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यानुसार वयाच्या तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी दर पाच वर्षांनी मोफत व्हायला हवी. आशाताई घरोघरी जाऊन सीबॅक फॉर्म भरतात, त्याचे त्यांना एका फॉर्ममागे १० रुपये मिळतात. (दहा रुपयांत बाईला तंबाखू, पाळी, अंगावरून जाणे, स्तनातली गाठ हे सगळे विचारायचे, तेही सासू शेजारी बसलेली असताना.) पुढे केंद्रावर परिचारिका गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे साध्या भाषेत व्हिनेगर, लावून बघते. यालाच व्हीआयए म्हणतात. मिनिटभरात निकाल दिसतो. मशीन लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही.

आणि हे चालते का? चालते, आणि त्याचा पुरावा आपल्याच वस्त्यांतून आला आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच अभ्यासात हाताने केलेल्या स्तन तपासणीने पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमधले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले, हे २०२१ मध्ये समोर आले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मात्र तसा फायदा दिसला नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, सव्वा लाखाहून अधिक बायकांच्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे केले. तिथे व्हीआयएचा परिणाम ठळक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आता पस्तिशीला एकदा आणि पंचेचाळिशीला एकदा अशा नेमक्या चाचणीवर भर देते.

या अभ्यासांत तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायकांना तपासणी मिळाली नव्हती. मुंबईच्या अभ्यासात त्यांना फक्त आरोग्यशिक्षण दिले गेले, आणि त्यावर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले. त्या बायका कोण होत्या, कुठल्या चाळी-झोपड्यांत राहत होत्या, हे आपल्या वाचकांना समजावून सांगावे लागणार नाही. त्यांच्या जिवावर पुरावा मिळाला. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. स्तनाची ०.९ टक्के. तोंडाचीही ०.९ टक्के.

मग तपासणीही पॅकेजमध्ये घाला, खासगी रुग्णालयांना तिचे पैसे द्या, अशी मागणी करायची का? अनेक कार्यकर्ते करतात. आम्हाला ती धोक्याची वाटते. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये राष्ट्रीय कॅन्सर तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइड त्यात नव्हते, पण रुग्णालयांनी थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफी जोडून द्यायला सुरुवात केली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचे निदान १९९३ च्या तुलनेत पंधरा पट झाले. मृत्यू होते तेवढेच राहिले. म्हणजे कधीच त्रास न देणाऱ्या गाठी शोधून हजारो लोकांचे गळे कापले गेले.

आपल्याकडे याहून कडू उदाहरण आहे. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पाहणीत सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या. हे २०१९ मध्ये राज्याच्या समितीपुढे आले. त्यांतल्या कितीतरी जणींना पांढरे जाते, पोटात दुखते एवढ्यावरून “पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल” असे सांगितले गेले होते. पैसे कार्डातून आले की मुकादमाच्या उचलीतून, हा मुद्दा वेगळा. जिथे पैसा शस्त्रक्रियेमागे मिळतो तिथे कॅन्सरची भीती हेच भांडवल होते. तपासणी करणारा आणि ऑपरेशनचे पॅकेज घेणारा एकच असू नये, एवढा धडा त्यातून घेता येतो. शिबिर प्रायोजित करणाऱ्या रुग्णालयाकडे कार्यकर्त्यांनी याच नजरेने पाहावे.

तर मग मागायचे काय? आमच्या मते खरी तूट तपासणीत कमी आणि मधल्या टप्प्यात जास्त आहे. समजा शिबिरात शंभर बायका तपासल्या आणि पाच पॉझिटिव्ह आल्या. पाचही जणींना कॅन्सर नसतो, बहुतेक वेळा एकीलाही नसतो. पण ते ठरवायला कोल्पोस्कोपी, बायोप्सी, स्तनाच्या बाबतीत सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी लागते. ही सारी ओपीडीतली कामे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत, पण कोल्पोस्कोप आणि बायोप्सी वाचणारा पॅथॉलॉजिस्ट प्रत्येक ठिकाणी नसतो. मग जिल्ह्याला जा, रिपोर्टला पुन्हा जा, डॉक्टर नसले तर तिसऱ्यांदा जा. तीन खेपा म्हणजे तीन दिवसांची मजुरी, एसटीचे भाडे आणि बरोबर येणाऱ्याची मजुरी. बाई दुसऱ्या खेपेनंतर थांबते. तिला ‘अज्ञानी’ म्हणणारे डॉक्टर आम्ही ऐकले आहेत. ती हिशेब करते, आणि तिच्या हिशेबात चूक नसते. उद्याची चूल नक्की आहे, कॅन्सर नक्की नाही.

म्हणून पॉझिटिव्ह आलेल्या बाईच्या निदानाचा खर्च, प्रवासभाडे आणि बुडालेली मजुरी योजनेत धरा, ही मागणी आम्हाला ‘तपासणी कार्डावर करा’पेक्षा नेमकी वाटते. पॉझिटिव्ह बायका थोड्याच असतात, त्यामुळे सरकारवर बोजाही मर्यादित पडतो. जिथे शक्य तिथे व्हीआयएनंतर त्याच दिवशी छोटा उपचार करून टाकण्याची पद्धतही आहे. तीत खेपाच वाचतात.

बुडालेली मजुरी भरून देणे ही कल्पना नवी नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला प्रा. बी. पी. आडारकर यांची नेमणूक झाली. पुढच्या वर्षी त्यांचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. ईएसआयमध्ये ओपीडी आहे, औषधे आहेत, आणि आजारपणात मजुरीही आहे. कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात, सलग दोन वर्षे नोकरी झाली असेल तर, मजुरीच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू आहे. कामगाराकडून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात. आपल्या समाजातले कितीतरी कंत्राटी सफाई कामगार, हाऊसकीपिंगच्या बायका, सुरक्षारक्षक यात बसतात. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते आणि हातात विमा क्रमांक नसतो, असे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. विहारातल्या तरुणांनी एका रविवारी वस्तीतल्या पगाराच्या चिठ्ठ्या गोळा करून ईएसआय क्रमांक तपासले, तरी मोठे काम होईल.

दुसरे काम प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन करायचे. वर्षभराचे चार आकडे मागा, माहिती अधिकारात मागितले तरी चालतील: किती बायका तपासल्या, किती पॉझिटिव्ह आल्या, त्यांतल्या कितीजणींची बायोप्सी झाली, आणि कितीजणींवर उपचार सुरू झाले. पहिला आकडा फलकावर लावलेलाच असतो. तिसरा आकडा आम्ही ज्या केंद्रांत विचारला तिथे वेगळा नोंदवलेलाच नव्हता. तो नोंदवायला लावणे, यापासून सुरुवात करता येईल.