काचेचे साक्षीदार

मेलेला साक्षीदार साक्ष देऊ शकतो का? कोर्टात नाही चालायचं. पण स्कॉटलंडमधल्या एका डोंगरी तळ्याच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. तिथले साक्षीदार मरून शंभर-दीडशे वर्षं झाली होती. ते चिखलात गाडले गेले होते आणि इतके चिमुकले होते की नुसत्या डोळ्यांना दिसणंच शक्य नाही. तरी त्यांची साक्ष निघाली, आणि ब्रिटनच्या वीज मंडळाला ती ऐकून घ्यावी लागली!

या साक्षीदारांचं नाव डायटम. हे एकपेशीय शैवाल. ओढ्यातल्या दगडावर पाय ठेवला की सर्रकन घसरतो ना? त्या दगडावरच्या तपकिरी बुळबुळीत थरात डायटम लाखोंनी असतात. पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे वाळूत आणि काचेत असते तीच, ओढून घेऊन डायटम स्वतःभोवती कवच बांधतो. कवचाचे भाग दोन, एक दुसऱ्यावर घट्ट बसणारा, कुंकवाच्या करंड्याला झाकण बसतं तसा. त्यावर बारीक भोकांची, रेघांची अशी काही नक्षी असते की सूक्ष्मदर्शकातून पाहताना माणूस जेवण विसरेल.

एक गंमत सांगतो. डायटमचे दोन डायटम होतात, तेव्हा मोठं झाकण एकाच्या वाट्याला येतं आणि आतला छोटा भाग दुसऱ्याच्या. पण दोघेही मिळालेल्या भागाला झाकणच समजतात आणि त्यात बसेल असा नवा भाग आतून तयार करतात. म्हणजे ज्याला छोटा भाग मिळाला, तो आईपेक्षा लहान! पुढच्या पिढीत आणखी लहान. असं होत होत सगळे नाहीसेच व्हायचे की! होत नाहीत, कारण फार लहान झाल्यावर बहुतेक डायटम जुनं कवच टाकून देतात, दोन पेशी एकत्र येतात आणि त्यातून पुन्हा मूळ आकाराचा डायटम तयार होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. डायटमच्या हजारो जाती आहेत आणि बऱ्याच जणी खाण्यापिण्याच्या बाबतीत भारी नखरेल. कुणाला गोडं पाणी, कुणाला खारट. कुणाला स्वच्छ झऱ्याचं, तर कुणी गटाराच्या पाण्यातही मजेत राहते. कुणाला जरासं आम्ल, म्हणजे आंबटपणाकडे झुकणारं पाणी लागतं, तर कुणाला ते अजिबात खपत नाही. पाणी बदललं की तिथली वस्ती बदलते. डायटम मेला की त्याचं कवच तळाशी जाऊन बसतं. काचच ती, सहसा कुजत नाही. वर्षानुवर्षं थरावर थर साचत जातात. सगळ्यात वरचा थर यंदाचा, खालचे पणजोबांच्या काळातले, त्याखालचे शिवाजी महाराजांच्याही आधीचे.

अर्थात, नक्षी पाहून जात ओळखणारं माणूस हवं. हे काम फार चिकाटीचं. आपल्याकडे एच. पी. गांधी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात कोल्हापूर आणि पन्हाळगड परिसरातल्या पाण्यातले डायटम गोळा करून त्यांची वर्णनं आणि चित्रं छापली. पन्हाळ्याला गेलात तर तिथलं तळं नुसतं फोटोपुरतं पाहू नका.

चला स्कॉटलंडला. नैर्ऋत्येच्या गॅलोवे भागात ग्रॅनाइटच्या डोंगरांत ‘राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड’ नावाचं छोटंसं तळं आहे. त्या भागातल्या काही तळ्यांतून ट्राउट मासे नाहीसे झाले होते. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये तर त्याहून वाईट. १९६७ साली स्वान्ते ओडेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने वर्तमानपत्रात लेख लिहून सांगितलं की बाहेरून वाऱ्याबरोबर आलेला धूर आमच्या पावसात आम्ल मिसळतो आहे. दगडी कोळसा जाळला की त्यातल्या गंधकाचा वायू होतो, ढगात पाण्याशी मिळून त्याचं गंधकाम्ल होतं. ब्रिटनने शहरातला धूर कमी व्हावा म्हणून वीजकेंद्रांची धुराडी उंच उंच बांधली होती. शहरं सुटली, धूर मात्र शेजाऱ्यांकडे गेला!

वीज मंडळ म्हणालं, कशावरून आमचाच धूर? बरं, हा प्रश्न काही मूर्खपणाचा नव्हता. दुसरेही संशयित होते. डोंगरांवर लावलेली सूचिपर्णी झाडं माती आम्ल करतात. नॉर्वेचे रोझेनक्विस्ट नावाचे शास्त्रज्ञ म्हणत, चराई कमी झाली, डोंगरावर हेदरची झुडपं माजली, त्यामुळे माती बदलली. तळी मुळातच आम्ल असतील, असंही काहींना वाटे. भांडण मिटवायचं तर जुनं पाणी तपासायला हवं. पण १८५०मधलं पाणी आणणार कुठून?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले रॉजर फ्लॉवर आणि रिक बॅटरबी हे दोघे तळ्याकडे वळले. लांब पोकळ नळी तळाच्या गाळात खुपसायची, गाळाचा खांब न मोडता वर काढायचा आणि त्याच्या पातळ चकत्या कापायच्या. प्रत्येक चकती रसायनात उकळली की पानापाचोळ्याचे अवशेष जळून जातात आणि काचेची कवचं उरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखून मोजायचं. एका चकतीतली तीनशे ते पाचशे कवचं! चकती कोणत्या काळातली हे शिशाच्या एका किरणोत्सारी प्रकारावरून कळतं. तो सुमारे २२ वर्षांत निम्मा होतो, म्हणजे जितका कमी उरला तितका थर जुना.

आम्लपणा मोजायला पीएच नावाचं माप आहे. ७ म्हणजे ना आम्ल ना अल्क. त्याखाली आम्ल, आणि एक आकडा उतरला की आम्लपणा दसपट. १९८३मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दोघांनी सांगितलं ते असं : १८५०च्या सुमारास राउंड लॉखचा पीएच ५.५च्या आसपास होता, आता तो पावणेपाचच्या आसपास आला आहे. म्हणजे आम्लपणा पाच-सहा पट! हे कळलं कशावरून? आम्ल न सोसणारे डायटम वरच्या थरांत कमी होत गेले होते आणि आम्लप्रेमी जातींनी गर्दी केली होती.

आता एकेक संशयित घ्या. राउंड लॉखच्या भोवती सूचिपर्णी झाडं लावलेलीच नव्हती. सुटली. मग हेदर? शास्त्रज्ञांनी आणखी खोल, हिमयुग संपल्यापासूनचा, सुमारे दहा हजार वर्षांचा गाळ काढला. त्यात फुलांचे परागकणही टिकलेले असतात. ते सांगत होते की काही हजार वर्षांपूर्वी इथली रानं गेली आणि झुडपांचं, दलदलीचं माळरान पसरलं. म्हणजे आत्तापेक्षा कितीतरी मोठा बदल. आणि तेव्हाचे डायटम? जवळपास तसेच! तळं पूर्वीपासून थोडं आम्ल होतं हे खरं, पण दहा हजार वर्षांत इतकं खाली कधी उतरलं नव्हतं. उरला धूर. वरच्या थरांत काळे, गोल, सूक्ष्म कण सापडले. ते जास्त तापमानाला कोळसा किंवा तेल जाळल्यावरच तयार होतात.

माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत झकास गोष्ट पुढे आहे. १९८३मध्येच ब्रिटनच्या वीज आणि कोळसा मंडळांनी ५० लाख पौंड देऊन ब्रिटन, नॉर्वे आणि स्वीडनच्या विज्ञान अकादमींना चौकशी करायला सांगितलं. संशयितानेच चौकशीचा खर्च केला! त्या कामात तीन देशांतली १६७ तळी तपासून कोणता डायटम किती पीएचला रमतो याची यादी झाली. पुढे वीजकेंद्रांत गंधक अडवणारी यंत्रं बसली, कोळसाही मागे पडत गेला. ब्रिटनच्या हवेत जाणारा गंधकाचा वायू १९७०च्या मानाने नव्वद टक्क्यांहून जास्त घटला.

मग राउंड लॉख बरं झालं का? १९८८पासून अशा तळ्यांवर पहारा आहे. पाण्यात नळ्या टांगून ठेवतात, वरून पडणारी कवचं त्यात जमतात आणि दरवर्षी मोजली जातात. आम्लपणा उतरतो आहे, वस्तीही बदलते आहे. पण १८५०च्या थरात दिसणारी मंडळी पुन्हा जशीच्या तशी जमलेली नाहीत. काही जाती परतल्या, काही नाही, आणि काही अशा आल्या आहेत की ज्या तेव्हा नव्हत्याच. हवा तापते आहे त्याचा यात किती वाटा, हे शोधायला नव्या नळ्यांतली कवचं मोजणं चालूच आहे.