योग्य गिल्ड कसा शोधायचा? आणि आपल्या गिल्डसाठी माणसं कशी मिळवायची?

क्लॅश ऑफ क्लॅन्स, फ्री फायर मॅक्स किंवा बीजीएमआय, यापैकी काहीही खेळत असाल तर हा प्रकार तुम्ही नक्की पाहिला असेल. गिल्ड जॉईन करायला दहा सेकंद लागतात आणि पंधरा दिवसांनी तिथे कुणी बोलत नाही. लीडर महिनाभर ऑनलाइन नसतो, वॉरमध्ये निम्म्या लोकांनी अटॅकच केलेला नसतो, नाहीतर एके दिवशी काही न सांगता आपल्यालाच बाहेर काढलेलं असतं. मग दुसरा गिल्ड, तिसरा गिल्ड, असं चालू राहतं.

बहुतेक वेळा यात कुणाच्या खेळाचा दोष नसतो. आत येताना दोन्ही बाजूंनी काय अपेक्षा आहे, हे कुणी बोललेलंच नसतं. म्हणून आज आपण बीड जिल्ह्यातल्या खेळाडूंना समोर ठेवून दोन गोष्टी पाहू: आपल्याला जमेल असा गिल्ड कसा शोधायचा, आणि स्वतःचा गिल्ड असेल तर टिकणारी माणसं कशी मिळवायची.

गिल्ड ही भानगड आली कुठून?

गिल्ड हा शब्द गेमच्या कितीतरी आधीचा आहे. मध्ययुगीन युरोपात एकाच धंद्यातल्या कारागिरांच्या किंवा व्यापाऱ्यांच्या संघटनेला गिल्ड म्हणत. आपल्याकडे अशा संघटनेला श्रेणी म्हणत. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. २००० एकीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही लिहिलंय. म्हणजे गिल्डशी व्यवहार करताना अटी आधी लिहून ठेवायची पद्धत आपल्याकडे दगडात कोरलेली आहे!

गेममध्ये गिल्डला खरं महत्त्व आलं ते १९९९ च्या एव्हरक्वेस्टपासून. त्यातले मोठे राक्षस चार-पाच जणांना मारता येत नसत, डझनावारी माणसं लागत. राक्षस मेला की एखादी चांगली तलवार मिळायची आणि ती कुणी घ्यायची यावरून भांडणं व्हायची. तेव्हा आफ्टरलाइफ नावाच्या गिल्डने पॉइंटची पद्धत काढली. मोहिमेला हजर राहिलात की पॉइंट जमा, आणि वस्तू हवी असेल तर ते पॉइंट खर्च करायचे. २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला. त्यात ४० जणांच्या मोहिमा होत्या आणि ही पद्धत तिथे सगळीकडे पसरली.

आपल्या मोबाईल गेममध्ये तलवारी वाटायच्या नसतात, पण मुद्दा तोच राहतो. कुणाकडून काय अपेक्षा आहे आणि त्या बदल्यात काय मिळणार, हे आधी ठरलेलं असेल तर गिल्ड टिकतो. (फ्री फायरमध्ये गिल्ड म्हणतात, बीजीएमआय आणि क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये क्लॅन. या लेखात दोन्ही शब्द एकाच अर्थाने घेतलेत.)

टोळी बांधणं बीडला नवं नाही

दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम टोळी बांधतो, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतो, उचल देतो. टोळीत सहसा भावकीतली, गावातली, ओळखीची माणसं असतात. आणि व्यवहार बहुतेक तोंडी असल्यामुळे सीझन संपताना हिशोबावरून वाद होतात. तिथे पोटाचा प्रश्न असतो आणि इथे खेळाचा, त्यामुळे दोन्हीची बरोबरी होऊ शकत नाही. पण दोन गोष्टी आपण तिथून नक्की घेऊ शकतो. ओळखीतून आलेला माणूस जास्त टिकतो. आणि तोंडी ठरलेलं प्रत्येकाच्या लक्षात वेगवेगळं राहतं.

शोधायच्या आधी स्वतःला चार प्रश्न विचारा

१) माझी वेळ कोणती? पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा पहाटे पाचला ग्राउंडवर असतो. त्याला रात्री बाराला रूम लावणारा क्लॅन काय कामाचा? बारावीवाल्यांचे फेब्रुवारी-मार्च खेळात धरूच नका. पुण्यात शिफ्टमध्ये काम करणाऱ्याची वेळ आणखी वेगळी.

२) माझा फोन आणि नेट काय झेपवतं? बीजीएमआयची एक मॅच अर्ध्या तासाच्या आसपास चालते. तेवढा वेळ नेट सलग लागतं आणि मध्येच लाईट जाऊन वायफाय बंद पडलं तर बाकीचे तिघे उघडे पडतात. क्लॅश ऑफ क्लॅन्सचा अटॅक फक्त ३ मिनिटांचा असतो आणि तो दिवसभरात कधीही करता येतो. रेंज येत-जात असेल तर हा फरक फार मोठा आहे.

३) मला जिंकायचंय की गप्पा मारायच्यात? दोन्ही ठीक आहे. फक्त जिंकायला बसलेल्या क्लॅनमध्ये गप्पांसाठी गेलात किंवा उलट झालं, की दोघांनाही त्रास.

४) मी महिनोन्महिने गायब होणार आहे का? कारखान्यावर, परीक्षेला, ट्रेनिंगला जाणार असाल तर आत जातानाच सांगा.

शोध कसा घ्यायचा?

क्लॅश ऑफ क्लॅन्सचं उदाहरण घेऊ, कारण त्यात आत जाण्याआधीच बरीच माहिती दिसते. पूर्वी ग्लोबल चॅटवर ओरडून क्लॅन शोधता यायचा. २०१९ मध्ये ते चॅट बंद झालं. आता क्लॅन सर्चमध्ये ठिकाण, मेंबरची संख्या, वॉर किती वेळा होतं असे फिल्टर लावता येतात. नावं आली की पुढच्या गोष्टी तपासा.

• मेंबरची संख्या: कमाल ५० असते. ५० पैकी ५० आहेत म्हणून भुलू नका. यादी उघडा आणि डोनेशनचा आकडा पाहा. निम्म्या लोकांसमोर शून्य असेल तर ते नुसते नावाला आहेत.

• वॉर लॉग: तो खुला असेल तर जिंकले किती यापेक्षा वॉर नियमित होतात का ते पाहा. वॉरमध्ये तयारीचा एक दिवस आणि लढाईचा एक दिवस असतो, प्रत्येकाला दोन अटॅक मिळतात. महिन्यातून एकदा होणाऱ्या लीगमध्ये सात दिवस रोज एकच अटॅक असतो. हे आपल्याला झेपेल का, त्याचा विचार आत्ताच करा.

• वर्णन: 'ओन्ली प्रो', 'नो नूब' एवढंच लिहिलं असेल तर त्या लीडरने नियमांचा विचार केलेला नाही असं समजा.

• आत गेल्यावर पहिला आठवडा: प्रश्न विचारला तर उत्तर येतं का? हरल्यावर लोक काय बोलतात? शिव्या सुरू झाल्या तर थांबवणारा कुणी आहे का?

फ्री फायर आणि बीजीएमआयमध्ये आतलं इतकं बाहेरून कळत नाही. तिथे आधी त्या गिल्डच्या दोन-तीन जणांबरोबर चार-पाच मॅच खेळा, मगच रिक्वेस्ट टाका. बीजीएमआयच्या स्क्वाडला चौघे लागतात. त्यामुळे क्लॅनमध्ये किती जण आहेत यापेक्षा तुमच्या वेळेला तिघे मिळतात का, एवढंच विचारा.

आता उलट बाजू: माणसं कशी मिळवायची?

लीडरची सगळ्यात मोठी घाई म्हणजे जागा भरणं. दार सगळ्यांना उघडं ठेवलं की चार दिवसांत क्लॅन भरतो आणि महिन्यात ओस पडतो. त्याऐवजी आधी वर्णन नीट लिहा. नमुना असा:

'बीड, परळी, अंबाजोगाईची पोरं. भाषा मराठी. वॉर आठवड्यातून दोनदा, रात्री ८ नंतर. दोन्ही अटॅक करायचे, जमत नसेल तर आधी सांगायचं. शिवी दिली की बाहेर. परीक्षा किंवा कारखान्याला जाणाऱ्यांची जागा राखून ठेवू.'

हे वाचून दहा जण निघून जातील. जाऊ द्या, ते नंतर गेलेच असते. जे येतील ते वाचून आलेले असतील.

भरतीचा क्रम असा ठेवा. आधी ओळखीतले: वर्गमित्र, गल्लीतले, शिकायला लातूर-पुण्याला गेलेले. मग त्यांनी आणलेले. अगदी शेवटी अनोळखी. अनोळखी माणसाला दोन आठवडे किंवा दोन वॉर साधा मेंबर म्हणून ठेवा. वॉरमध्ये तो हरला तरी चालेल. अटॅक केला का आणि नसेल तर सांगितलं का, एवढंच पाहा. खेळ शिकवता येतो, न सांगता गायब होण्याची सवय मोडणं अवघड असतं.

को-लीडरपद वाटताना हात आखडता ठेवा. को-लीडर लोकांना बाहेर काढू शकतो आणि वॉर सुरू करू शकतो. एका रागाच्या भरात सगळा क्लॅन रिकामा करायला एक माणूस पुरतो. 'को दे नाहीतर जातो' म्हणणाऱ्याला खुशाल जाऊ द्या.

आणि गैरहजेरीचा नियम आपल्या जिल्ह्याला साजेसा करा. बऱ्याच क्लॅनमध्ये 'आठवडाभर ऑफलाइन तर बाहेर' असा नियम असतो. आपल्याकडे फडावर गेलेल्या पोराच्या कोपीत चार्जिंगचेही वांधे असतात. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये प्रत्येकाला 'मी वॉरमध्ये नाही' अशी लाल खूण लावता येते. जाणाऱ्याला ती लावून जायला सांगा. नाव यादीत राहतं, वॉरचं नुकसान होत नाही आणि तो गावी परत आला की त्याची जागा तिथेच असते. पन्नासमधल्या पाच जागा यासाठी राखणं काहीच जड नाही.

मुलींचंही तेच. आवाज ऐकला की त्रास सुरू होतो म्हणून अनेकजणी माइक बंद ठेवतात किंवा मुलाचं नाव लावून खेळतात. तुमचा नियम खरा आहे की नुसता लिहायला आहे, हे पहिल्या शिवीला तुम्ही काय करता त्यावरून सगळ्यांना कळतं.

पैसा, ओटीपी आणि कायदा

• गिल्डमध्ये घ्यायला कुणी पैसे मागितले तर तिथूनच मागे फिरा.

• 'तुझी आयडी दे, लेव्हल वाढवून देतो' म्हणणाऱ्याला पासवर्ड किंवा ओटीपी देऊ नका, मग तो लीडर का असेना. बहुतेक आयडी जीमेल किंवा फेसबुकला जोडलेली असते, म्हणजे गेमबरोबर तेही जातं. पैसे गेले तर लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

• प्रत्येकी २०-५० रुपये भरून रूम लावायची आणि जिंकणाऱ्याने रक्कम न्यायची, असे प्रकार काही गिल्डमध्ये चालतात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे, पण खाजगी रूममधला जुगार म्हणजे ई-स्पोर्ट्स नव्हे. लीडर म्हणून तुमचं नाव त्यात नको.

• १८ वर्षांखालच्या खेळाडूंना बीजीएमआय दिवसाला ३ तासच खेळू देतो. त्यांना रात्रीच्या सामन्यात धरून ठेवू नका. त्यांच्या घरच्यांना गिल्ड काय आहे हे माहीत असेल तर उलट बरंच.

गेमच बंद झाला तर?

ही भीती उगाच नाही. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलवर बंदी आली. १४ फेब्रुवारी २०२२ ला फ्री फायर गेला. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये, म्हणजे दहा महिन्यांनी परत आला. गेम बंद झाला की गेममधली मेंबरची यादी, चॅट, सगळं हाताबाहेर जाऊ शकतं. ज्यांचा गेमबाहेर व्हॉट्सॲप किंवा डिस्कॉर्डवर ग्रुप असतो ते दुसऱ्या गेममध्ये एकत्र जाऊ शकतात. ज्यांच्याकडे फक्त टोपणनावं असतात त्यांना एकमेकांना शोधणं अवघड जातं. म्हणून ओळख पक्की झालेल्यांचा एक छोटा ग्रुप बाहेर ठेवाच. त्यात अनोळखी लोकांना आणि लहान मुलांचे नंबर टाकू नका.

दहावी-बारावीनंतर आपल्यातले बरेचजण जिल्ह्याबाहेर जातात. कुणी शिकायला, कुणी कंपनीत, कुणी फडावर. रोज फोन करणं होत नाही, पण रात्री आठला वॉर आहे म्हटलं की सगळे येतात. त्यामुळे गिल्ड निवडताना लेव्हल आणि ट्रॉफी नंतर पाहा. आधी वेळ, नियम आणि माणसं पाहा. आणि तुम्ही लीडर असाल तर आज क्लॅनचं वर्णन उघडून वरच्या नमुन्यासारख्या चार-पाच ओळी लिहून टाका. त्यातली एकही ओळ लिहिताना तुम्हीच अडलात, तर ती गोष्ट तुमच्या क्लॅनमध्ये अजून ठरलेली नाही असं समजा. मग ती आधी सगळ्यांना विचारून ठरवा आणि नवीन माणूस त्यानंतरच घ्या.