पंगस माशाच्या खाद्यात मासळीच्या कुटाऐवजी काय?



ऊस विकास विभागाने माशांवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण ठिबकासाठी खोदलेल्या शेततळ्यांत काही सभासदांनी पंगस सोडला आहे, आणि गट कचेरीत बेण्याबरोबर माशांच्या खाद्याचीही विचारणा होते. विचारणा रास्त आहे. मत्स्यपालनाचा निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावर होतो, आणि खाद्यात महाग भाग प्रथिनांचा. तिथला हिशेब चुकला तर मासा वाढतो, पण हाती पैसा उरत नाही.

पंगस हा मागूर, शिवड्याच्या जातकुळीतला मिशांचा मासा. बोटुकलीला खाद्यात 32 टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात. वाढत्या माशाला 26 ते 28 टक्के पुरतात.

मासळीचे कूट महाग का?

समुद्रातील लहान मासळी वाळवून, दळून हे कूट होते. जगात पेरू देशाचा यात मोठा वाटा. तेथील अँकोव्ही मासळी 1970 साली 1 कोटी 20 लाख टनांच्या वर निघाली होती. अतोनात मासेमारी झाली, त्यात 1972 साली समुद्राचे पाणी तापले, आणि 1973 मध्ये ती 20 लाख टनांच्या आसपास आली. 2023 सालीही तिथे वर्षातला पहिला मुख्य हंगाम रद्द करावा लागला. म्हणजे आपल्या तळ्याचा खर्च परक्या समुद्रावर टांगलेला! अमेरिकेत मिसिसिपी राज्यात चॅनेल कॅटफिश हा असाच मिशांचा मासा पाळतात. त्याच्या वाढीच्या खाद्यात हे कूट जवळपास नसतेच. सोयापेंड, सरकी पेंड आणि मक्यावर काम भागते.

आपल्याजवळ काय आहे?

सोयापेंडीत सुमारे 45 टक्के प्रथिने असतात. पायाभूत माल हाच धरावा. मात्र कच्चे सोयाबीन भरडून घालू नये. त्यात प्रथिने पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनेच जातो.

भुईमूग पेंडीत 40 ते 45 टक्के प्रथिने असतात, पण ओल लागली की बुरशीचे विष तयार होते. बुरसट पेंड फुकट मिळाली तरी नको.

सरकी पेंडीत गॉसिपॉल नावाचा अपायकारक घटक असतो, म्हणून ती थोडीच वापरावी.

रेशीम कोशातून धागा काढल्यावर उरणाऱ्या अळीत 50 टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. ती तेलकट असल्याने लवकर खवट होते. चांगली वाळवूनच घ्यावी. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या वाळवलेल्या अळ्यांत सुमारे 40 टक्के असतात.

आसवनीतील यीस्टमध्येही प्रथिने आहेत, पण ते स्वच्छ करून वाळवलेले हवे. ओला गाळ तळ्यात ओतला तर तो पाण्यातला प्राणवायू ओढतो आणि मासे मरतात.

हिशेब असा करा

50 किलो सोयापेंड, 12 टक्के प्रथिनांचा 45 किलो भाताचा कोंडा, 3 किलो मळी आणि 2 किलो खनिज मिश्रण घेतले, तर पेंडीतून 22.5 आणि कोंड्यातून 5.4 किलो, मिळून जवळजवळ 28 किलो प्रथिने 100 किलो खाद्यात येतात. मळीने गोळी घट्ट बसते. खनिज मिश्रण टाळू नये, कारण पेंडीतला बराचसा स्फुरद माशाला पचत नाही. शिवाय सोयापेंडीत मेथिओनिन कमी असते. ते भरून काढायला 5 किलो मासळीचे कूट घालावे आणि सोयापेंड 6 किलोने कमी करावी. प्रथिने जवळपास तेवढीच राहतात.

खरेदी करताना पोत्याचा नव्हे, प्रथिनांचा भाव बघा. समजा सोयापेंड 40 रुपये किलो आहे, तर तिच्यातले एक किलो प्रथिन 89 रुपयांना पडते. 55 टक्क्यांचे मासळीचे कूट 100 रुपये किलो असेल, तर 182 रुपयांना.

युरियाची भेसळ

प्रयोगशाळेत नत्र मोजून त्याला 6.25 ने गुणतात आणि तो आकडा प्रथिने म्हणून देतात. युरियात 46 टक्के नत्र असते हे ऊस उत्पादकाला सांगायला नको. 100 किलो पेंडीत एक किलो युरिया मिसळला की कागदावर जवळजवळ 3 टक्के प्रथिने वाढतात! गाई-म्हशी थोडा युरिया पचवतात, मासा मुळीच नाही. म्हणून संशय आल्यास युरियाची तपासणी वेगळी मागावी.

शेवटी दोन गोष्टी. खाद्य बदलायचे ते आठवडाभरात हळूहळू बदला, आणि दर पंधरवड्याला 20-25 मासे तोलून वाढ वहीत लिहा. माशाचे वजन हाच खरा दाखला. थाई मागूर पाळण्यास बंदी आहे, त्या फंदात पडू नये. पंगसचे बी आणण्यापूर्वीही जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडून परवानगीची खात्री करून घ्यावी.

उसाला खताची मात्रा आपण माती तपासून ठरवतो. तळ्याचे खाद्यही तसेच, अंदाजाने नव्हे तर हिशेबाने द्यावे, एवढेच आमचे सांगणे.

— ऊस विकास अधिकारी