डॉक्टरांचे तीस तास : नोंद कशाची आणि तपासणी कशाची?

दवाखान्यात शिरले की डॉक्टरांच्या टेबलामागे काचेत बसविलेले नोंदणी प्रमाणपत्र दिसते. ते एकदा मिळाले की जन्मभराचे झाले, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांना महाराष्ट्रात आपल्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावे लागते, आणि मधल्या पाच वर्षांत आपण नवे काही शिकलो याचा पुरावा महाराष्ट्र वैद्यक परिषदेपुढे ठेवावा लागतो. या पुराव्याची तपासणी कशी होते आणि तिच्यातून रुग्णाच्या पदरात काय पडते, याविषयी बीड जिल्ह्याच्या अनुभवाच्या आधारे काही गोष्टी वाचकांपुढे मांडाव्यात, असे आम्हांस वाटते.

मूळ नियम २००२ सालचा आहे. भारतीय वैद्यक परिषदेने त्या वर्षी डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाविषयी जे विनियम केले, त्यांत प्रत्येक डॉक्टराने दर पाच वर्षांत किमान तीस तास निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमांत भाग घ्यावा आणि त्याची माहिती परिषदेला द्यावी, असे म्हटले आहे. पुढे ती परिषद गेली व २०२० साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोग तिच्या जागी आला. आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम प्रसिद्ध केले, परंतु डॉक्टरांच्या संघटनांनी आक्षेप घेतल्यावर त्याच महिन्यात ते स्थगित ठेवले आणि २००२ चे विनियम पुन्हा लागू केले. तीस तासांचा आकडा मात्र दोन्हींत कायम राहिला. पाच वर्षांत तीस तास म्हणजे वर्षाला सहा तास, महिन्याला अर्धा तास. एवढ्या वेळात किती शिकून होईल हा प्रश्न आहेच; पण निदान हा अर्धा तास तरी खरा असावा, एवढी अपेक्षा गैरवाजवी नव्हे.

आपल्या राज्यात ही नोंद पुढीलप्रमाणे होते. परिषदेने मान्यता दिलेली संस्था, उदाहरणार्थ एखादे वैद्यकीय महाविद्यालय किंवा डॉक्टरांची संघटना, कार्यक्रम आखते व त्यासाठी परिषदेची परवानगी घेते. परिषद आपला निरीक्षक पाठवते. हजर असलेल्यांची यादी परिषदेकडे जाते आणि प्रत्येकाच्या नावावर श्रेयांक जमा होतात. नूतनीकरणाच्या वेळी या श्रेयांकांची बेरीज पाहिली जाते. निरीक्षक ठेवण्याची ही पद्धत आम्हांस योग्य वाटते, कारण सभागृहात शंभर नावे आणि चाळीस माणसे असा प्रकार आपल्याकडे केवळ डॉक्टरांच्याच सभेत घडतो असे नाही.

अमेरिकेतील पुष्कळ राज्यांत याहून निराळी रीत आहे. तेथे नूतनीकरणाच्या वेळी डॉक्टर आपण अट पूर्ण केल्याचे स्वतः लिहून देतो. नंतर मंडळ चिठ्ठ्या टाकावी तशी काही नावे निवडते आणि त्यांच्याकडून प्रमाणपत्रे मागवून ती पडताळून पाहते. सर्वांची थोडी तपासणी करण्याऐवजी थोड्यांची कसून तपासणी, असा त्यामागचा हिशेब. आपले नाव निघू शकते या धास्तीने बाकीचेही कागद नीट ठेवतात. इंग्लंडने आणखी पुढचे पाऊल टाकले. हॅरॉल्ड शिपमन या डॉक्टराने आपल्या किमान २१५ रुग्णांचा जीव घेतल्याचे चौकशीत निष्पन्न झाले, आणि चौकशी प्रमुख जेनेट स्मिथ यांनी तेथील वैद्यक परिषदेवर कठोर टीका केली. दीर्घ वादानंतर डिसेंबर २०१२ पासून तेथे दर पाच वर्षांनी डॉक्टरांचे पुनर्प्रमाणीकरण सुरू झाले. त्यात अभ्यासाच्या नोंदींबरोबर डॉक्टराच्या प्रत्यक्ष कामाचा आढावा, रुग्णांचे व सहकाऱ्यांचे अभिप्राय आणि दरवर्षीचे मूल्यमापन यांचाही विचार होतो.

हा भेद बीडच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जून २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की, मागील तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या असून त्या ९९ खासगी रुग्णालयांत झाल्या आहेत. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. वयोगट निराळे असल्याने दोन्ही आकड्यांची तंतोतंत तुलना करू नये, हे खरे. परंतु तीन आणि सतरा यांतील अंतर केवळ वयोगटाच्या फरकाने भरून निघणारे नाही.

बीड, पाटोदा, वडवणी, शिरूर कासार, धारूर या भागांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात तोडीला जातात. नवराबायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापले जातात. फडावर ना पुरेसे पाणी, ना शौचालय. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीत अतिरिक्त रक्तस्राव होणे या तक्रारी सार्वत्रिक असतात. गावी परतल्यावर ती स्त्री दवाखान्यात जाते, सोनोग्राफी होते आणि तिला सांगितले जाते की पिशवी खराब झाली आहे, आता काढली नाही तर पुढे कॅन्सर होईल. दोन मुले झालेली, वय तिशीचे, पुढच्या हंगामात खाडा नको. ती होकार देते. अशा अनेक कहाण्या समितीपुढे व वृत्तपत्रांत आल्या आहेत.

वैद्यकशास्त्र याबाबत काय सांगते? पांढरे जाणे हे बहुधा जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि तो औषधांनी बरा होतो. अतिरिक्त रक्तस्रावावर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसविण्याचे संप्रेरकयुक्त साधन आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शंका असेल तर आधी त्याची साधी तपासणी करता येते. शंकेपोटी अवयव काढण्याचे कारण नाही. शिवाय तिशीत गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली तर रजोनिवृत्ती अकाली येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. जिला पुढची तीस वर्षे मोळ्या उचलायच्या आहेत, तिच्या हाडांविषयी आपण बोलत आहोत, हे विसरू नये.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. समजा, त्या काळात जिल्ह्यातील प्रत्येक डॉक्टराच्या श्रेयांकांची अत्यंत काटेकोर तपासणी झाली असती, एकही प्रमाणपत्र खोटे निघाले नसते, सर्वांचे तीस तास भरले असते. त्या तपासणीत या १३,८६१ स्त्रियांचा मागमूस लागला असता काय? आम्हांस तसे वाटत नाही. डॉक्टर कोणत्या विषयाच्या व्याख्यानाला बसला, ते त्याच्या रोजच्या कामाशी निगडित होते की नव्हते, ऐकून आल्यावर त्याच्या उपचारांत काही पालट झाला की नाही, हे तासांच्या बेरजेत येत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याने तीसही तास मधुमेहावरील व्याख्याने ऐकली तरी २००२ च्या नियमाला बाधा येत नाही. कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये अशा शैक्षणिक सभांवरील अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा अपेक्षित उपचारपद्धतीचे पालन सर्वसाधारणपणे सहा टक्क्यांच्या आसपास वाढते, असे दिसले. केवळ भाषणाऐवजी चर्चा व सराव यांची जोड असेल तर परिणाम अधिक होतो. मात्र गुंतागुंतीची सवय बदलण्यास एकट्या सभेचा उपयोग फारसा होत नाही, असेही त्यात नमूद आहे. सहा टक्के हा आकडा तुच्छ मानू नये. तथापि लोभापोटी होणारी शस्त्रक्रिया त्याने थांबत नाही. बीडमध्ये अज्ञान किती आणि लोभ किती, याची फोड करणे कठीण आहे, परंतु हजेरीपुस्तक दोन्हींबाबत सारखेच मुके आहे.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की हे तीस तास निरुपयोगीच आहेत. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे उदाहरण घ्यावे. आताच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावचा हा मुलगा डॉक्टर होऊन सत्तरच्या दशकात महाड परिसरात सरकारी नोकरीत रुजू झाला. लाल विंचवाच्या दंशाने तेथे लहान मुले दगावत असत. बावस्करांनी एकेका रुग्णाजवळ बसून नोंदी ठेवल्या, त्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर गुणकारी ठरते हे दाखवून दिले. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांमागे सुमारे चाळीस दगावत. हे प्रमाण एकदोनावर आले. ही माहिती खेड्यापाड्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली म्हणून जीव वाचले. पाच रुपयांची गोळी ठाऊक असणे आणि नसणे यांत एका मुलाचे आयुष्य असते. (याच बावस्करांनी २०१३ मध्ये रुग्ण पाठविल्याबद्दल आलेला धनादेश परत करून परिषदेकडे तक्रार केली होती, हेही येथे सांगितले पाहिजे.)

नवे ज्ञान मिळविण्याच्या मार्गात अडचणीही आहेत. पाटोद्याच्या किंवा आष्टीच्या एकट्या डॉक्टराला परिषदेला जायचे तर दवाखाना बंद ठेवून छत्रपती संभाजीनगर नाही तर पुणे गाठावे लागते. करोनानंतर ऑनलाइन कार्यक्रम वाढले व प्रवास वाचला. पण पडद्यापलीकडे डॉक्टर ऐकत आहे की रुग्ण तपासत आहे, हे कोण पाहणार? पूर्वी या सभांचा खर्च औषध कंपन्या सर्रास उचलत. २००९ च्या डिसेंबरात डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी, प्रवास व पाहुणचार घेण्यास मनाई झाली, आणि मार्च २०२४ च्या औषध विपणनविषयक आचारसंहितेने परदेशात असे कार्यक्रम भरविण्यास बंदी घातली. म्हणून तपासणी करणाऱ्याने तासांबरोबर खर्च कोणी केला हेही विचारले पाहिजे. व्याख्यानाचा विषय ज्याचा, औषध त्याचेच, असा योग वारंवार दिसू लागला तर ते तीस तास शिक्षणाचे मानावेत काय?

शिक्षेचाही प्रश्न आहे. तास न भरणाऱ्याचे नाव नोंदवहीतून काढा, असे म्हणणे सोपे. ज्या तालुक्यात शस्त्रक्रिया करणारे दोनतीनच डॉक्टर आहेत, तेथे त्यांतील एक कमी झाला तर रुग्ण कोणाकडे जाईल? बहुधा बोगस डॉक्टराकडे. परळीतील सुदाम मुंडे यांचे प्रकरण वाचकांस आठवत असेल. गर्भलिंगनिदान व बेकायदा गर्भपाताच्या प्रकरणात परवाना गेला, २०१९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि जामिनावर असताना सप्टेंबर २०२० मध्ये हे गृहस्थ पुन्हा दवाखाना चालवीत असल्याचे छाप्यात उघड झाले. नोंदवहीतून नाव काढल्याने हात थांबतातच असे नाही. त्यामुळे तासांत कमी पडलेल्यास ठरावीक मुदत द्यावी, त्याच मुदतीत जिल्ह्यातच शिकण्याची सोय करावी, आणि खोटे प्रमाणपत्र देणाऱ्यावर मात्र दया दाखवू नये, असे आमचे मत आहे.

सोय करण्यास जागा आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून याच जिल्ह्यात उभे आहे. आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून त्याचा उल्लेख होतो. शिकविण्यास विषयही जवळच पडलेला आहे. २०१९ च्या गदारोळानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश दिला. परवानगीच्या प्रत्येक अर्जात स्त्रीचे वय, तक्रार आणि शस्त्रक्रियेचे कारण यांचा विचार व्हावयाचा असतो. रुग्णांची नावे झाकून या अर्जांचा वर्षातून दोनदा अभ्यास झाला, कोणत्या कारणांना पर्यायी उपचार होता ते डॉक्टरांनी एकत्र बसून तपासले, तर तेच तीस तासांतील सर्वांत उपयोगी तास ठरतील. हे काही अघटित नव्हे. मातामृत्यू झाला की त्याचे अन्वेषण करण्याची पद्धत आपल्या जिल्ह्यांत रूढ आहे: मृत्यू का झाला, कोठे उशीर झाला, हे समितीपुढे मांडले जाते. मरणाच्या बाबतीत जी शिस्त आपण स्वीकारली, ती जिवंत स्त्रीच्या अवयवाच्या बाबतीत परकी वाटू नये.

एक खुलासा आवश्यक आहे. आपल्या खेड्यांत पहिली भेट होते ती पुष्कळदा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेल्या डॉक्टरांशी. त्यांची नोंदणी निराळ्या परिषदांकडे असते आणि २००२ चा तीस तासांचा विनियम त्यांच्यासाठी केलेला नाही. पिशवी काढण्याचा सल्ला कित्येकदा तेथून सुरू होतो, शस्त्रक्रिया दुसरीकडे होते. पाठविणारा तपासणीच्या बाहेर आणि कापणारा आत, अशी ही विभागणी आहे. अभ्यास बैठकीला दोघांनाही बोलावल्यावाचून तिचा उपयोग निम्माच होईल.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आला तर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारण्यास संकोच करू नये. तो औषधाच्या चिठ्ठीवर छापण्याचे बंधनच आहे. पिशवी काढण्यास सांगितले असल्यास सोनोग्राफीचा कागद आपल्याजवळ ठेवावा, जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेतली आहे काय ते विचारावे, आणि बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईस दुसरे मत घ्यावे. हंगाम सुरू होण्याआधीच्या आठवड्यांत घाईने तारीख दिली जात असेल, तर ही चौकशी अधिकच कसून करावी.