दार लागण्याआधी

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू समाजाने योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, फार घरगुती नाव दिलं होतं: दारफाळणीचा सण. म्हणजे दारं लावून घेण्याचा दिवस. पांढरे कपडे, कडक उपास, आणि केल्या चुकांचा हिशेब. दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेचं हिब्रू नावही ‘नेइला’, म्हणजे बंद होणं. तोवर स्वर्गाचं दार उघडं असतं, अशी श्रद्धा आहे.

हे दार दयेचं. हिब्रूत दयेला ‘रहमीम’ म्हणतात आणि ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय. दोन्ही शब्दांचं मूळ एकच. आपण ‘अपराध पोटात घाल’ म्हणतो, ते इथे आठवल्यावाचून राहत नाही. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये उभारलं. त्याचं आजचं नाव ‘शाअर हारहमीम’, दयेचं द्वार.

पश्चात्तापात ताप आहे, जळणं आहे. त्यासाठीच्या हिब्रू ‘तशुवा’ या शब्दाचा अर्थ मात्र परतणं. चुकल्या वाटेवरून माघारी फिरायचं.

योम किप्पूरच्या दुपारी बायबलमधलं योना या संदेष्ट्याचं पुस्तक वाचतात. निनवे हे अश्शूरांचं शहर, आजच्या इराकमधल्या मोसुलजवळचं. तिथे जाऊन इशारा दे, असं देव सांगतो, तर योना उलट दिशेच्या जहाजात बसतो. वाटेत एक मोठा मासा त्याला गिळतो. त्याच्या पोटातून सुटल्यावर योना शेवटी निनवेला जातो आणि चाळीस दिवसांत शहर उलथेल, असं बजावतो. लोक गोणपाट नेसून उपास करतात, सुधारतात, आणि देव शिक्षा मागे घेतो. यावर योना संतापतो. तू दयाळू आहेस हे ठाऊक होतं, म्हणूनच पळालो, असं तो देवाला सुनावतो! देवाची दया हीच त्याची तक्रार. सावली देणारं एक झुडूप वाळलं म्हणून तो हळहळतो. तेव्हा देव विचारतो, मग एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि इतकी गुरंढोरं असलेल्या शहराची मला कणव येऊ नये? पुस्तक या प्रश्नावरच थांबतं. मला ते धर्मग्रंथांतलं सर्वांत धाडसी शेवटाचं पुस्तक वाटतं.

पण ही दया स्वस्त नाही. मिश्ना हा ज्यूंचा प्राचीन धर्मनियमांचा ग्रंथ स्पष्ट सांगतो, निनवेकरांचं गोणपाट आणि उपास देवाने पाहिले असं लिहिलेलं नाही. त्याने त्यांची कृती पाहिली. आणि माणसाने माणसाचा केलेला अपराध योम किप्पूरने फिटत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते. त्याच्या वतीने देव क्षमा करत नाही. बाराव्या शतकातले ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस तर म्हणतात, तो माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीवर जा आणि सर्वांदेखत कबुली दे. खरा परतलेला कोण? तीच संधी, तेच बळ पुन्हा हाती असताना जो तीच चूक करत नाही, तो.

बेने इस्रायलींकडे दारफाळणीचा दुसरा दिवस म्हणजे शिळा सण. त्या दिवशी दारं उघडायची, गरिबांना दान द्यायचं आणि एकमेकांच्या घरी भेटायला जायचं.