शेफील्डच्या कात्रीचे मोल

उत्तम कात्रीची दोन पाती एकमेकांवर सपाट टेकत नाहीत. प्रत्येक पात्याला किंचित बाक असतो. त्यामुळे कात्री मिटताना ती एका वेळी एकाच बिंदूत भिडतात आणि हा बिंदू खिळ्याकडून टोकाकडे सरकत जातो. हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी हा बाक साधणाऱ्या कारागिराला इंग्लंडातील शेफील्ड शहरात ‘पुटर’ म्हणतात. हे कसब हाती मुरण्यास काही वर्षे लागतात.

शेफील्डच्या चाकू-कात्री कारागिरांचा संघ १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त परदेशी मालापुढे तेथील बहुतेक कारखान्यांचा टिकाव लागला नाही.

१९०२ पासून कात्र्या घडविणाऱ्या अर्नेस्ट राइट या पेढीची हकीकत येथे उद्बोधक ठरते. २०१४ मध्ये तिच्या पुटरवरील एक लघुपट गाजला व मागणीचा लोट आला. मागणी वाढली की पुरवठा वाढतो, हे पाठ्यपुस्तकातील गृहीतक! पोलाद विकत मिळते, यंत्रही मिळते. पुटर मात्र कोणत्याच बाजारात मिळत नाही. २०१८ मध्ये पेढी रिसीव्हरच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी नव्या मालकांनी ती घेतली, जुन्या कारागिरांना परत बोलाविले आणि त्यांच्या हाताखाली शिकाऊ उमेदवार दिले.

उमेदवाराला वेतन पहिल्या दिवसापासून द्यावे लागते. विकण्याजोगी कात्री त्याच्या हातून उतरते ती पुष्कळ उशिरा. मधल्या काळाचा हा खर्च कात्रीच्या किमतीत धरला तर गिऱ्हाईक बिचकते; न धरल्यास पुढचा पुटर तयारच होत नाही.